आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! डिकन्सच्या पुस्तकातले आणि घरातले आई-बाप

चार्ल्स डिकन्सच्या कादंबरीत आई किंवा बाप होणं हे मोठं जोखमीचं काम आहे. स्वभावाने चांगले असाल तर पहिल्या-दुसऱ्या प्रकरणातच तुमचा निकाल लागतो. शेवटपर्यंत टिकलात तर बहुधा कर्जबाजारी, कोरडे किंवा नुसतेच बोलघेवडे निघता. निस्तरायचं सगळं पोरांनी! १८१२ साली जन्मलेल्या आणि १८७० साली गेलेल्या या इंग्रज कादंबरीकाराने १५ कादंबऱ्या लिहिल्या (शेवटची अर्धवट राहिली), १० मुलांना जन्म दिला आणि बापाच्या उधाऱ्या निस्तरता निस्तरता अर्धं आयुष्य घालवलं. त्याची पुस्तकं आणि त्याचं घर शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की एकेक गंमत हाती लागते. त्यातल्या या काही निवडक.

पहिल्याच प्रकरणात पोरके

'ऑलिव्हर ट्विस्ट'ची आई पहिल्या प्रकरणात जाते. 'डॉम्बी अँड सन'मधल्या छोट्या पॉलची आईही पहिल्याच प्रकरणात. निकोलस निकलबीचे वडीलही तिथेच आटोपतात. डेव्हिड कॉपरफिल्डचे वडील या सगळ्यांच्या पुढचे. मुलगा जन्माला यायच्या सहा महिने आधीच ते गेलेले.

कडी करतो तो 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला पिप. त्याने आई-बापांना कधी पाहिलेलंच नाही. मग तो थडग्यावरच्या अक्षरांच्या वळणावरून त्यांची रूपं ठरवतो. वडिलांच्या नावाची अक्षरं अशी आहेत, त्या अर्थी ते चौकोनी, धिप्पाड, सावळे आणि काळ्या कुरळ्या केसांचे असणार! डिकन्स वाचकाला हसवतो आणि त्याच वाक्यात पोटात कालवतं, ते असं.

उधारी ४० पौंड १० शिलिंग

डिकन्सचे वडील जॉन डिकन्स नौदलाच्या पगार कचेरीत कारकून होते. नोकरी बरी होती, माणूस दिलदार होता, गप्पिष्ट होता. फक्त मिळकत आणि खर्च यांची भेट कधी घडत नसे. २० फेब्रुवारी १८२४ या दिवशी पाववाल्याच्या ४० पौंड १० शिलिंगांच्या उधारीपायी त्यांना अटक झाली आणि रवानगी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात झाली. त्या काळी कर्जबुडव्याबरोबर त्याचं कुटुंबही तुरुंगात राहू शकत असे. थोड्याच दिवसांत आई धाकट्या भावंडांना घेऊन तिथे राहायला गेली.

चार्ल्स मात्र बाहेर. तो कुटुंबाच्या ओळखीच्या एका बाईच्या घरी राही. तीच बाई पुढे 'डॉम्बी अँड सन'मध्ये मिसेस पिपचिन होऊन आली. पोरांना कोरड्या शिस्तीत वाढवणारी खाष्ट म्हातारी! डिकन्सच्या लहानपणी त्याच्याशी कसं वागता यावर तुमची पुस्तकातली जागा ठरत होती, हे बिचारीला कुठून ठाऊक असणार?

फॅगिन खरा तर देवमाणूस

वडिलांच्या अटकेच्या काही दिवस आधीच बारा वर्षांचा चार्ल्स बूट पॉलिशच्या कारखान्यात कामाला लागला होता. टेम्सच्या काठावर उंदरांनी भरलेली पडकी इमारत, दिवसाला १० तास काम, आठवड्याला ६ शिलिंग. पॉलिशच्या बरण्यांवर कागद बांधायचा, दोरी आवळायची, लेबल चिकटवायचं.

तिथे बॉब फॅगिन नावाचा थोडा मोठा मुलगा होता. एकदा चार्ल्सच्या कुशीत कळ आली, तेव्हा याच बॉबने रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून दिवसभर त्याला शेक दिला. संध्याकाळी त्याला घरी सोडायलाही निघाला. आता घर म्हणजे बापाचा तुरुंग! चार्ल्सने साऊथवर्क पुलाजवळच्या एका अनोळखी दारापाशी 'हेच आमचं घर' म्हणून निरोप घेतला. बॉबने वळून पाहिलंच तर पंचाईत नको, म्हणून दार ठोठावलं. बाई बाहेर आली तेव्हा विचारलं, रॉबर्ट फॅगिन इथेच राहतात का?

या उपकाराची परतफेड डिकन्सने कशी केली? पोरांना पाकीटमारी शिकवणाऱ्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या खलनायकाला त्याने बॉबचं आडनाव दिलं. मायेने वागला, तरी तो त्या कारखान्याचा होता. तेवढा गुन्हा पुरे होता.

आईला माफी नाही

वडील सुमारे तीन महिन्यांनी सुटले, तरी चार्ल्सची नोकरी चालूच राहिली. पुढे कारखान्याची जागा बदलली आणि पोरांना खिडकीपाशी बसवून काम करवून घेऊ लागले. येणारे-जाणारे थांबून बघत. शेवटी जॉन डिकन्सचं मालकाच्या नातलगाशी भांडण झालं आणि त्यांनी पोराला काढून घेतलं.

आईने दुसऱ्याच दिवशी समेट घडवून आणला आणि मुलाला परत पाठवायचा आग्रह धरला. वडील म्हणाले, नाही, हा शाळेत जाईल. चार्ल्स शाळेत गेला. पण आपण परत जावं असं आईला वाटत होतं, हे आपण कधी विसरलो नाही आणि विसरणार नाही, असं त्याने वीसेक वर्षांनी लिहून ठेवलं.

गंमत बघा. घर बुडवलं बापाने, तुरुंगात गेला बाप आणि डूख धरला तो आईवर. डिकन्सच्या कादंबऱ्यांत उधळे बाप लाडके का आणि आया भाबड्या, बिनडोक किंवा बेपर्वा का, याचं उत्तर या एका दिवसात बरंचसं सापडतं.

नाताळातलं कोडं

ही कारखान्याची हकिगत डिकन्सने बाहेर कुणालाच सांगितली नाही. अपवाद एकच, जॉन फॉर्स्टर हा मित्र. पोटच्या पोरांनाही पत्ता नव्हता.

१८६९ च्या नाताळात घरात स्मरणशक्तीचा खेळ रंगला होता. एकेकाने एकेक शब्द जोडत जायचा आणि आधीचे सगळे म्हणून दाखवायचे. डिकन्सची पाळी आली तेव्हा तो विचित्र आवाजात म्हणाला: 'वॉरन्स ब्लॅकिंग, ३०, स्ट्रँड.' पोरांनी मान डोलावली आणि खेळ पुढे गेला. या शब्दांचा संबंध बाबा लहानपणी काम करत त्या पॉलिशच्या कारखान्याशी आहे, हे मुलांना कळलं ते बाबा गेल्यावर, फॉर्स्टरने लिहिलेलं चरित्र छापून आलं तेव्हा. मुलगा हेन्रीने ही आठवण पुढे नोंदवून ठेवली आहे.

बापाचं अर्थशास्त्र

'डेव्हिड कॉपरफिल्ड'मधले मिकॉबर म्हणजे जॉन डिकन्सच. खिशात दमडी नाही, दाराशी घेणेकरी, पण तोंडात भाषा दरबारी आणि मनात उद्याचा भरवसा. मिकॉबरांचा हिशेब इंग्रजीत म्हणीसारखा झाला आहे. वर्षाची कमाई २० पौंड असताना खर्च त्याहून ६ पेन्स कमी झाला तर सुख आणि ६ पेन्स जास्त झाला तर हाल. हे प्रवचन जॉन डिकन्सने मुलाला चक्क मार्शलसीत बसून दिलं होतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सांगायला अंथरूण गहाण टाकलेल्या माणसाएवढा अधिकारी कोण?

जॉन डिकन्स १८५१ च्या मार्चअखेरीस वारले. मिकॉबर नुकतेच छापून पूर्ण झाले होते.

पोराच्या सह्या विकायच्या आहेत!

मुलगा प्रसिद्ध झाला आणि बापाला नवी खाण सापडली. जॉन डिकन्स मुलाच्या प्रकाशकांकडे परस्पर उसने मागू लागले. त्याच्या सह्या, हस्तलिखिताचे कागद विकून पैसे करू लागले. १८३९ मध्ये डिकन्सने दूर डेव्हन परगण्यात एक्सेटरजवळ स्वतः जाऊन एक टुमदार घर भाड्याने घेतलं, सामान लावलं आणि आई-वडिलांना तिथे नेऊन ठेवलं. लंडनपासून जेवढं लांब तेवढं बरं!

अंतराने काही फरक पडला नाही. १८४१ मध्ये डिकन्सला वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी लागली की, आपलं नाव सांगून कुणी कर्ज काढलं तर ते आपण फेडणार नाही.

आणि तरीही १८४६ मध्ये 'डेली न्यूज' हे दैनिक काढलं तेव्हा बातमीदारांच्या खात्यावर देखरेखीला डिकन्सने कुणाला नेमलं? वडिलांनाच. त्यांनी ते काम झकास केलं, हे आणखी एक आश्चर्य.

'अशी बाई असते का कुठे?'

'निकोलस निकलबी'तली मिसेस निकलबी ही अखंड बोलणारी, विषय सोडून भरकटणारी, मुलांना संकटात लोटून वर स्वतःचंच कौतुक करणारी आई. नमुना घरचाच होता, डिकन्सची आई एलिझाबेथ. पुस्तक वाचून आईने मुलाला विचारलं, जगात अशी बाई असेल असं तुला खरंच वाटतं का? हा किस्सा डिकन्सने स्वतः एका पत्रात मोठ्या खुशीने सांगितला आहे. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण इथे सुनेला काही लागलंच नाही.

लेकच बापाची आई

डिकन्सची खास खूण म्हणजे उलटी झालेली घरं. मुलं मोठी आणि मोठी माणसं लहान.

'लिटल डॉरिट'मधली एमी मार्शलसीतच जन्मते आणि तिथेच वाढते. तिचे वडील विल्यम डॉरिट इतकी वर्षं तुरुंगात काढतात की त्यांना 'मार्शलसीचे पितामह' असा मान मिळतो. नवे कैदी त्यांना भेटायला येतात, जाताना गुपचूप नाणी ठेवतात. एमी बाहेर शिवणकाम करून त्यांचं पोट भरते आणि ती काम करते हे आपल्याला माहीतच नाही, असं ते दाखवतात. 'ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'मधली नेल जुगारी आजोबांना हाताला धरून इंग्लंडभर हिंडवते. 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मधली जेनी रेन बाहुल्यांचे कपडे शिवते आणि दारुड्या बापाला सरळ 'माझं वाईट कार्टं' म्हणून दटावते. त्याला रागावते, खिसे तपासते, कोपऱ्यात बसवते. हे वाचताना हसू येतं, कारण ती हुबेहूब आईसारखी बोलते. आणि हसू थांबतं ते तिचं वय आठवल्यावर.

मार्शलसी तुरुंग १८४२ मध्ये बंद झाला. त्याची एक भिंत लंडनमध्ये अजून उभी आहे. शेजारच्या सेंट जॉर्ज चर्चच्या रंगीत काचेत गुडघे टेकलेली छोटी डॉरिटही दिसते. कादंबरीतल्या पात्राला चर्चच्या काचेत जागा मिळणं ही साधी गोष्ट नाही.

काखेत कळसा, आफ्रिकेला वळसा

'ब्लीक हाऊस'मधल्या मिसेस जेलिबी समाजकार्याने पछाडलेल्या आहेत. आफ्रिकेतल्या बोरिओबूला-घा इथल्या लोकांचं कल्याण कसं होईल, या चिंतेत त्या दिवसरात्र पत्रं लिहितात. इकडे त्यांचं एक पोर जिन्यावरून गडगडत खाली येतं, एकाचं डोकं कठड्याच्या गजांत अडकतं, थोरली लेक शाईने बरबटून आईचा पत्रव्यवहार उतरवत बसते आणि नवरा भिंतीला डोकं टेकून गप्प. मिसेस जेलिबींची नजर मात्र शांत, दूरवर, थेट आफ्रिकेपर्यंत पोहोचणारी.

त्याच कादंबरीत मिस्टर टर्व्हीड्रॉपही आहेत. त्यांचा धंदा एकच, रुबाबात उभं राहणं. मुलगा नाच शिकवून कमावतो आणि वडील त्या पैशावर हातमोजे घालून सभ्यतेचा आदर्श दाखवतात. वर मुलाला वाटतं, असे वडील मिळायला भाग्य लागतं!

फी भरा, पोर विसरा

१८३८ च्या कडाक्याच्या थंडीत डिकन्स आणि चित्रकार हॅब्लो ब्राउन नाव लपवून यॉर्कशायरला गेले. तिथल्या स्वस्त निवासी शाळांच्या जाहिरातींत एक ओळ ठळक असे: सुट्ट्या नाहीत. म्हणजे मुलगा वर्षानुवर्षं घरी येणारच नाही. नको असलेली सावत्र मुलं, लग्नाबाहेर झालेली मुलं यांची सोय लावायला याहून बरी जागा कोणती?

'निकोलस निकलबी'तली डोदबॉइज हॉल ही शाळा अशीच, वर्षाला २० गिनी, सुट्टी नाही. इथला स्माइक हा पोरका, मोडलेला मुलगा पुस्तकातल्या खलनायकाचाच मुलगा निघतो आणि बापाला ते कळतं पोर मेल्यावर. दोषी मास्तर आहेच, पण फी भरून मोकळा झालेला बापही आहे, हे डिकन्सने ठासून सांगितलं. दहाएक वर्षांनी नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने नोंदवलं की तसल्या शाळा आता फारच थोड्या उरल्या आहेत.

खाण तशी माती

डिकन्सच्या बिघडलेल्या मुलांमागे बहुधा बापाची शिकवणी असते. 'मार्टिन चझलविट'मधल्या जोनासला लहानपणी शिकवलेला पहिला शब्द होता 'नफा' आणि दुसरा 'पैसा'. मुलगा इतका हुशार निघाला की वडील मरायला एवढा वेळ का लावताहेत, याचाच त्याला त्रास होऊ लागला. शेवटी त्याने विषाची तजवीज केली. शिकवणी पूर्ण!

'हार्ड टाइम्स'मधले ग्रॅडग्राइंड मुलांना फक्त वस्तुस्थिती शिकवतात. कल्पना, गोष्टी, खेळ हद्दपार. लेक मनाविरुद्धचं लग्न मुकाट्याने करते आणि कोलमडते, मुलगा बँकेत चोरी करतो. पकडला गेल्यावर तो बापालाच आकडेवारी ऐकवतो. विश्वासाच्या जागी बसवलेल्या माणसांपैकी काही टक्के अप्रामाणिक निघणारच, मग मी त्यात निघालो तर नवल ते काय?

नावात बरंच काही

या ग्रॅडग्राइंडसाहेबांनी दोन मुलांची नावं ठेवली ॲडम स्मिथ आणि माल्थस. लोकसंख्या वाढते म्हणून काळजी करणाऱ्या माल्थसचं नाव पाच पोरांच्या घरात! डिकन्सने टोपी उडवली ती बरोबर.

पण त्याच्या स्वतःच्या घरातली हजेरी ऐका: वॉल्टर सॅव्हेज लँडर, फ्रान्सिस जेफ्री, आल्फ्रेड टेनिसन, सिडनी स्मिथ, हेन्री फील्डिंग, एडवर्ड बुलवर लिटन. कवी, समीक्षक, विनोदी पाद्री, कादंबरीकार. अख्खं साहित्य संमेलन जेवायच्या टेबलावर! यांतला एकही नावाजलेला साहित्यिक झाला नाही. घराण्यात पुढची लोकप्रिय कादंबरीकार झाली ती हेन्रीची नात मोनिका डिकन्स.

काडेपेटी आणि समुद्रातलं भूत

मोठ्या नावांना उतारा म्हणून डिकन्सने मुलांना टोपणनावं दिली. तापट केटी म्हणजे 'काडेपेटी'. समुद्राकडे एकटक बघत बसणारा सिडनी म्हणजे 'समुद्रातलं भूत'. फ्रान्सिस 'चिकनस्टॉकर', हे आडनाव डिकन्सच्याच एका नाताळकथेतल्या दुकानदारीण बाईचं. शेंडेफळ एडवर्डचं नाव तर प्लॉर्निशमरूनटिगूंटर. त्याचं पुढे उरलं 'प्लॉर्न'.

मुलं लहान होती तोवर हा बाप म्हणजे घरातली सर्कस. जादूचे प्रयोग, घरची नाटकं, विनोदी गाणी. मेमी आणि केटी या लेकींनी त्याला पोल्का नाच शिकवला. पायांचा क्रम विसरू नये म्हणून एका रात्री तो थंडीत उठून एकटाच सराव करत बसला. मेमी आजारी असताना ती त्याच्या लिहायच्या खोलीत पडून असे. तिने पाहिलं की बाबा लिहिता लिहिता ताडकन उठतात, आरशापुढे जाऊन भयंकर तोंडं करतात आणि पळत येऊन ते पात्र कागदावर उतरवतात. आठवण तिने पुस्तकात लिहून ठेवली आहे.

शिस्तही तेवढीच. टोपी-कोटासाठी प्रत्येकाची खुंटी ठरलेली आणि रोज खोल्यांची तपासणी.

डी. सी. की सी. डी.?

आपल्या सगळ्या पुस्तकांत लाडकं लेकरू डेव्हिड कॉपरफिल्ड, असं डिकन्सने उघड लिहिलं. त्या नावाची आद्याक्षरं उलटी केली की चार्ल्स डिकन्स होतो. हे फॉर्स्टरने दाखवून दिलं तेव्हा खुद्द लेखकच चकित झाला.

याच कादंबरीत डेव्हिडच्या भाबड्या, देखण्या बायकोचं नाव डोरा. ऑगस्ट १८५० मध्ये डिकन्सला मुलगी झाली. तिचंही नाव त्याने डोरा ठेवलं आणि त्याच दिवसांत पुस्तकातल्या डोराला मारून टाकलं. घरची डोराही आठच महिने जगली. १४ एप्रिल १८५१ ला, आजोबांच्या पाठोपाठ दोन आठवड्यांनी ती गेली. डिकन्स त्या संध्याकाळी नटांच्या मदत निधीच्या जेवणात भाषण करत होता. भाषण संपेपर्यंत फॉर्स्टरने बातमी दाबून धरली.

सख्ख्यांपेक्षा मानलेले बरे

डिकन्सकडे चांगले आई-बाप नाहीत, असं नाही. ते फक्त जन्मदाते नसतात. डेव्हिडला जवळ करते ती त्याच्या वडिलांची आत्या, बेट्सी ट्रॉटवुड. तो जन्मला त्या रात्री, मुलगी झाली नाही म्हणून ही बाई रागाने घर सोडून गेली होती. ऑलिव्हरला ब्राउनलो, 'ब्लीक हाऊस'मधल्या एस्थरला जार्नडिस. पिपला तर दोन बाप मिळतात. एक त्याच्या बहिणीचा नवरा, लोहार जो. दुसरा पळून आलेला कैदी मॅगविच. तो पिपला शिकवून साहेब करण्यासाठी दूर ऑस्ट्रेलियात घाम गाळतो.

आणि ज्या एस्टेलापायी पिप झुरतो, तिचा जन्मदाता कोण? तोच मॅगविच. 'बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर' असं वाचक म्हणणार, तेवढ्यात डिकन्स बाप दाखवतो आणि लगोलग श्राद्धाचीही वेळ आणतो.

चला ऑस्ट्रेलियाला!

कादंबरीत मिकॉबर कर्जातून कसे सुटले? कुटुंबासकट ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथे थेट मॅजिस्ट्रेट झाले. उपाय डिकन्सला इतका पटला की आल्फ्रेडला १८६५ मध्ये आणि सोळा वर्षांच्या प्लॉर्नला १८६८ मध्ये त्याने तिकडेच धाडलं. प्लॉर्नला निरोप देताना स्टेशनवर तो ढसाढसा रडला. पण धाडलं ते धाडलंच. प्लॉर्न पुढे न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेत निवडून गेला. मिकॉबरांसारखा संपन्न मात्र झाला नाही. वारला तेव्हा कर्जातच होता. थोरला चार्ली कागद गिरणीच्या धंद्यात बुडाला. आरमारातल्या सिडनीने इतकी कर्जं केली की बापाने त्याला घराची दारं बंद केली.

आजोबांचा वारसा नातवांनी चोख चालवला. डिकन्सचं एका पत्रातलं रडगाणंही ठरलेलं होतं: एवढा मोठा गोतावळा वाढवला, पण स्वतःहून काही करायची हौस एकालाही नाही.

कोलकात्यातली कबर

या घराचं एक टोक भारतातही आहे. चौथं अपत्य वॉल्टर १८५७ मध्ये, सोळाव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दाखल व्हायला इकडे आला. कर्ज इथेही झालंच. ३१ डिसेंबर १८६३ रोजी कोलकात्यात तो वारला, वय २२. टपाल बोटीने जायचं. बातमी लंडनला पोहोचली ७ फेब्रुवारी १८६४ ला, नेमकी डिकन्सच्या वाढदिवशी. पाठचा भाऊ फ्रान्सिस बंगालच्या पोलीस दलात भरती होण्यासाठी त्याच सुमारास भारतात उतरला होता. भाऊ भेटेल या आशेने आला आणि त्याला कळलं ते भाऊ गेल्याचं.

वॉल्टरच्या कबरीवरचा दगड आज कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत आहे. १९८७ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तो तिथे हलवला.

बापाने दाखवलेलं घर

लहानपणी वडिलांबरोबर फिरायला जाताना चार्ल्सला गॅड्स हिलवरचं एक ऐटदार घर फार आवडायचं. वडील म्हणत, खूप मेहनत केलीस तर कदाचित एक दिवस तू या घरात राहशील. १८५६ मध्ये डिकन्सने ते १,७९० पौंडांना विकत घेतलं. १८७० मध्ये त्याने शेवटचा श्वासही तिथेच घेतला. आयुष्यभर कुणाचे पैसे वेळेवर न देणाऱ्या बापाचं हे एक आश्वासन मात्र पुरं झालं. अर्थात पोराच्या पैशाने!

निकाल

१८५८ मध्ये डिकन्सने दहा मुलांच्या आईला, कॅथरीनला घराबाहेर काढलं. तिच्याबरोबर राहायला गेला तो थोरला चार्ली. बाकीची मुलं बापाकडे राहिली. चित्रकार झालेल्या केटीने उतारवयात एका मैत्रिणीला घरातलं सगळं मोकळेपणी सांगितलं. केटी १९२९ मध्ये गेली आणि त्या गप्पांचं पुस्तक १९३९ मध्ये आलं. तेव्हा इंग्रज वाचकांना आपल्या लाडक्या लेखकाची दुसरी बाजू लेकीच्या तोंडून कळली. मुलांमध्ये खऱ्या अर्थाने तरला हेन्री. केंब्रिजला शिकला, बॅरिस्टर झाला, न्यायाधीश झाला, 'सर' झाला. शिष्यवृत्ती मिळाल्याचं त्याने सांगितलं तेव्हा बाप आधी कोरडेपणाने 'छान' म्हणाला. थोडं अंतर चालून गेल्यावर मात्र त्याला गहिवरून आलं.

तेव्हा बाप म्हणून डिकन्सला काठावर पास करावं लागेल, नवरा म्हणून तेही कठीण. पण मोठ्यांच्या चुकांचा हिशेब खाली उभ्या असलेल्या पोराच्या नजरेतून मांडावा तो त्यानेच. आधी 'डेव्हिड कॉपरफिल्ड' घ्या, मग 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'; सवड असेल तर 'लिटल डॉरिट'. घरात वाचण्याजोगी पोरं असतील तर त्यांच्याही हातात द्या. फक्त मिसेस जेलिबीचं प्रकरण त्यांनी तुमच्याकडे बघून हसत वाचलं, तर मोबाइल खाली ठेवा.